मातोश्रींच्या स्मरणार्थ दोन संगणक

त्या माणसाला मीच बोलावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे आणि सगळं त्याच्या माथी मारून मी हात झटकतेय असं कुणाला वाटायला नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, त्यातला हात माझा होता आणि दाखवलाही मीच.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. दोन्ही बाजूंना स्पर्धा परीक्षांचे क्लास, खाली दुचाक्यांची अशी गर्दी की सभासदाला पुस्तक बदलायला येण्याआधी गाडी लावायची जागा शोधावी लागते. मी तिथं ग्रंथपाल आहे, एकवीस वर्षं. सरकारी अनुदानावर पगार कसाबसा होतो आणि बाकी सगळं देणग्यांवर चालतं. त्यामुळे आमच्याकडे नाव नसलेली वस्तू सापडणं अवघड. बाकांच्या पाठीवर नावं, कपाटांच्या दारांवर नावं, घड्याळात काट्यांच्या मागे नाव. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा लाल रंगात ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं आहे. पंखा फिरत असला की ते वाचता येत नाही, म्हणून एक गृहस्थ ऐन मे महिन्यात येऊन वडिलांचा पंखा पाच मिनिटं बंद करायला लावायचे. आम्ही घाम पुसत बसायचो आणि ते वर बघत उभे राहायचे. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

संगणक दिले ते एका गूळ व्यापाऱ्यांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. घर मूळचं सीमेकडचं, घरात कानडी आणि बाजारात मराठी. त्यांच्या आईला, म्हणजे अव्वांना, अक्षरओळख नव्हती. एसटीची पाटी वाचायला लहानपणी आई मला सोबत न्यायची, असं अण्णा सांगायचे. अव्वा गेल्या त्या वर्षी त्यांनी दोन नवे संगणक दिले आणि प्रत्येकावर पितळी पाटी स्वतःच्या हातानं, पेचकसानं बसवली. ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि अण्णांनी संगणकाला हळदकुंकू लावून हात जोडले. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोर होता, तरी पुढे मी जे केलं ते केलंच.

दोन-तीन वर्षांत ते संगणक रडायला लागले. क्लासची मुलं फॉर्म भरायला येताना पेनड्राइव्हमधून जगातले सगळे रोग घेऊन यायची. चालू व्हायला पंधरा मिनिटं, मग पडद्यावर कसल्याशा मुदतीची धमकी. ग्रंथपालांच्या एका शिबिरात मी मुक्त सॉफ्टवेअरबद्दल ऐकलं होतं. परवाना नको, जुन्या यंत्रावर चालतं, वाटून घ्या, हवं तसं बदला. मी घरी येऊन बसले आणि महिनाभर स्वतः शिकले. इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये माझ्या अडाणी प्रश्नांना केरळातला कुणी एक आणि नागपूरची कुणी एक बाई न चिडता उत्तरं द्यायची. माझं तत्त्वज्ञान काय, मी कुणाच्या बाजूची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचे चेहरेही मला ठाऊक नाहीत, पण त्या दोघांचं ऋण मी मानते. मग एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मी दोन्ही संगणकांतली जुनी प्रणाली पुसली आणि नवी घातली. पाट्यांना हात लावला नाही. वरून सगळं तसंच दिसत होतं. अण्णांना सांगावं असं मनात आलंच नाही.

कुणाला काही कळलं नाही, हेच त्यातलं सुख होतं. मुलं फॉर्म भरत होती, मराठी टाइप होत होतं, छपाई होत होती. दीड वर्षात एकानंही विचारलं नाही की ह्यात काय बदललंय.

बदललेलं कळलं ते एकाच माणसाला, आणि त्याला दिसत नव्हतं. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवण्यात गेली, पुढे साखरेच्या आजारानं नजर गेली. तरी सवयीनं रोज सकाळी अकराला येऊन बाकावर बसायचे, पेपराच्या शाईचा वास घ्यायचे आणि तासाभरानं जायचे. महिन्याची वर्गणी मात्र कधी चुकवली नाही. नव्या प्रणालीत पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायची सोय होती, मराठीसुद्धा. आवाज एका बाईचा, चपटा आणि कोरडा, स्वल्पविराम-पूर्णविराम सगळे एकाच मापाचे. मी चाचांच्या कानाला हेडफोन लावले. ते दोन मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, “अगं, दम घे की.”

दम घ्यायला लावण्याचं बटण मी त्यांना दाखवलं. थांब, मागं, पुढं अशा तीन बटणांवर मी गोंदाचे ठिपके वाळवून ठेवले. चाळीस वर्षं न बघता खिळा उचललेल्या बोटांना ते एका दिवसात सापडले. त्यानंतर चाचा आणि ती बाई यांचा संसारच सुरू झाला. तिचे उच्चार ते सुधारायचे, तिच्यावर डाफरायचे, तिला एकच वाक्य चारदा म्हणायला लावायचे. जुनी पुस्तकं टाइप करून इंटरनेटवर ठेवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे मला एक जुनं समुद्रप्रवासाचं वर्णन मिळालं. हेच पुस्तक चाचांनी तरुणपणी स्वतः जुळवलं होतं. जुळवताना अक्षर उलटं दिसतं, मजकूर कुणाच्या डोक्यात शिरतो, आता कळतंय त्यात काय हुतं, असं ते सांगायचे. रोज चार-पाच पानं. जहाज एडनच्या दिशेनं निघालं होतं.

आता त्या पाहुण्याकडे येते. तो मला शिबिरातच भेटला होता. पुण्यातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळाचा कार्यकर्ता, पस्तिशीचा, हुशार. आमच्या वाचनालयात मी काय केलंय हे मी त्याला अभिमानानं कळवलं. खरं सांगायचं तर मला कौतुक हवं होतं. दीड वर्ष कुणाला काही कळलं नाही याचं सुख होतं असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. कुणालाच कळू नये हे माझ्यानं सोसलं नाही. मी कमिटीला सांगून त्याचं व्याख्यान ठरवलं आणि देणगीदार म्हणून अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं.

पाहुणे आले ते निमंत्रणपत्रिका हातात घेऊनच. ही कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केली, हा पहिला प्रश्न. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्यानं केली, त्याला विचारायला हवं, असं मी म्हटलं तर त्यांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली, मेलेला उंदीर उचलावा तशी. अध्यक्षांनी ग्रुपवर फोटो टाकायला मोबाइल काढला, तर त्या ॲपवर माझा फोटो नको, असं पाहुणे म्हणाले. मग व्याख्यानाला आलेल्या चाचांना हेडफोनसकट खुर्चीत बसवून स्वतःच्या कॅमेऱ्यानं त्यांचे तीन फोटो काढले. चाचांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

समोर चाळीसेक माणसं होती. निवृत्त शिक्षक, परीक्षेची मुलं, कमिटी. या माणसानं सुरुवातच केली ती तुम्ही सगळे गुलाम आहात अशी. विकत घेतलेलं वापरता म्हणून गुलाम, चोरून घातलेलं वापरता म्हणून जास्त गुलाम, आणि ठाऊक नाही म्हणून सगळ्यांत जास्त गुलाम. कोल्हापूरच्या माणसाला तुम्ही काहीही म्हणा, तो हसून दोन शिव्या परत देईल, पण त्याला त्याच्याच खुर्चीत बसवून गुलाम म्हणू नका. मागच्या रांगेतून आवाज आला की पावणं, म्हंजे आमी येसन घातल्याली बैलं काय. हशा पिकला. शहाण्या माणसानं त्या हशात सामील होऊन घेतलं असतं. हा म्हणाला, बैलाला निदान वेसण जाणवते.

एका शिक्षकांनी साधा प्रश्न विचारला, की सरकारी टायपिंगच्या परीक्षेचं ह्याच्यावर चालतंय का. तर हा प्रश्नच चुकीचा आहे असं उत्तर मिळालं. मी मागे उभी राहून घड्याळाकडे बघत होते. ह्या विषयात सांगण्यासारखं किती चांगलं आहे हे मला माहीत होतं, आणि हा माणूस त्यातलं एकही सांगत नव्हता. त्याला लोकांना काही द्यायचं नव्हतं, त्यांचा निकाल लावायचा होता.

आणि शेवटी त्यानं त्या दोन संगणकांकडे हात केला. इथल्या ताईंनी धाडस केलं, म्हणाला. हे संगणक आले तेव्हा त्यांच्या पोटात विष होतं, ते सगळं विष काढून कचऱ्यात फेकलं, आज ही दोन यंत्रं शुद्ध आहेत. त्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मी अण्णांकडे पाहिलं. ते संगणकाकडे बघत नव्हते, पितळी पाटीकडे बघत होते.

व्याख्यान संपल्यावर सगळे चहाकडे वळले तेव्हा अण्णा माझ्यापाशी आले. आवाज चढला नव्हता. कोल्हापुरात आवाज चढला नाही म्हणजे समजावं की प्रकरण गंभीर आहे.

“अव्वाच्या नावानं दिलतं, त्ये आतनं काढून टाकलं, आनि मला एका शब्दानं इचारलं न्हाय,” ते म्हणाले. “पाटी तेवढी ठिवली व्हय?”

यंत्र हळू चालत होतं म्हणून बदललं, एवढंच सांगायचं होतं, पण ‘विष’ आणि ‘कचरा’ हे शब्द अजून खोलीत होते आणि त्यांच्यानंतर माझं म्हणणं कोण ऐकणार. अण्णा चहा न घेता जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात कमिटीची सभा झाली. ठराव असा, की देणगीचे संगणक मूळ स्थितीत आणावेत आणि यापुढे त्यात फुकट मिळणारं कुठलंही सॉफ्टवेअर घालू नये. मी चाचांचं सांगितलं. वाचून दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीवरही बसतं, दोघं एकमेकांना चावत नाहीत, हे समजावलं. अध्यक्षांनी कानाला हात लावले. फुकटचं म्हटलं की त्यामागून तो मनुष्य यायचा आणि आम्हाला पुन्हा गुलाम म्हणायचा, असं त्यांचं म्हणणं. एक सभासद म्हणाले, चाचांना रेडिओ आणून देऊ, त्यावर नाव घालायला कुणीतरी मिळेल.

मूळ स्थितीत आणायला जवळच्याच दुकानातला दुरुस्तीवाला आला. मूळ डिस्क कुणाकडेच नव्हती, त्यानं आपल्या खिशातल्या पेनड्राइव्हमधून चोरीची प्रत घातली. मी विचारलं तर म्हणाला, सगळीकडं ह्येच घालतो की, म्याडम. अव्वांच्या स्मरणार्थ आता दोन चोरीच्या प्रणाली सुखानं नांदत होत्या आणि कमिटीचं समाधान झालं होतं. तत्त्वाचा विजय म्हणतात तो हाच असावा.

ज्या मुलांनी दीड वर्ष एक शब्द विचारला नव्हता ती आता पडद्यावर काही अनोळखी दिसलं की विचारत, म्याडम, ह्ये त्या गुलामवाल्याचं हाय काय? मी घरच्या वापरासाठी एकाला मोफतचं कार्यालयीन सॉफ्टवेअर सुचवलं, तर त्याच्या वडिलांचा फोन आला की पोराला असल्या भानगडीत ओढू नका. नको असं आधी कुणी म्हणत नव्हतं, कारण असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक करून द्यायला त्याला एक संध्याकाळ लागली.

मी अण्णांच्या पेढीवर गेले, माफी मागितली. मनापासून मागितली, कारण विचारायला हवं होतं हे खरंच होतं. त्यांनी चहा पाजला. चाचांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मात्र फुकटचं काही आत नको. कारण तो माणूसच सांगत होता ना, की ते घातलं की बाकीचं हाकलायचं असतं. आज आवाजवाली बाई आत घ्यायची आणि उद्या तिनं अव्वाला बाहेर काढायचं. मी नाही नाही म्हणत राहिले. मग अण्णा म्हणाले, तसं नसंल तर त्यानंच सांगू दे. एक फोन करू दे मला. मी कमिटीला बोलतो.

मला केवढं हलकं वाटलं. एका फोनवर सुटणारी गोष्ट होती. मी बाहेर येऊन रस्त्यातच त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. एकच वाक्य बोलायचंय, म्हटलं, की दोन्ही एकत्र राहतात. खोटं काहीच बोलायचं नाही.

तो म्हणाला, “ताई, ते मी नाही सांगू शकणार. त्या जुन्या प्रणालीच्या बेडीला आतून मखमल लावायचं काम मी करणार नाही. तुमचे चाचा त्या मखमलीला सरावतील.”

चाचांना बेडी नको की मखमल नको हे तू त्यांना विचारलंस का, असं मी ओरडले. एरवी मी त्याला अहो-जाहो करत होते. ट्रकला गूळ चढवणारे हमाल थांबून बघायला लागले. त्यावर तो म्हणाला की दृष्टिहीनांच्या स्वातंत्र्यावर कोल्हापुरात एक स्वतंत्र कार्यक्रम घेता येईल, तारीख कळवा. मी फोन कापला. त्या दिवसापासून स्वातंत्र्य हा शब्द कुणी व्यासपीठावरून उच्चारला की माझं डोकं उठतं. सॉफ्टवेअरशी माझं अजून भांडण नाही. माझ्या घरी तेच आहे.

अण्णांना काय सांगणार? तो फोन करणार नाही म्हणाला, असं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. त्यांना तेच अपेक्षित होतं.

चाचा रोजच्यासारखे अकराला आले. काय झालंय ते मी सांगायच्या आत ते खुर्चीत बसले, हेडफोन चढवले आणि बोटानं ठिपका शोधून दाबला. पुन्हा दाबला. मी जवळ जाऊन सांगितलं. त्यांचं बोट ठिपक्यावरच होतं. ठीक आहे, म्हणाले.

मग मी वाचून दाखवायला लागले. घरून पानं छापून आणायची आणि त्यांच्या शेजारी बसून वाचायची. मध्येच सभासद येऊन पुस्तक मागायचा, मी उठायचे. चाचा हात मांडीवर ठेवून बसून राहायचे, आणि मी परत आले की म्हणायचे, हां, वाचा. कुठं राहिलं होतं हे मी विसरले तरी ते बोलायचे नाहीत. दोन पानं चुकून गाळली तेव्हाही नाहीत. असे आठ-दहा दिवस गेले. मला वाटत होतं की मी फार चांगलं काहीतरी करतेय.

एक दिवस पान संपल्यावर ते म्हणाले, “तुमचं वाचनं ग्वाड हाय, बाई. पर तुमास्नी मी थांब म्हनू शकत न्हाय. तिला म्हनत हुतो.”

दुसऱ्या दिवशी मी घरचा जुना लॅपटॉप घेऊन आले. त्यात तीच बाई, तोच आवाज, तेच पुस्तक. बटणांवर गोंदाचे ठिपके रात्रीच वाळवले होते. हा घरी न्या, म्हटलं, तुमचाच समजा. चाचांनी झाकणावरून हात फिरवला. कडेनं, मागून, खालून. काहीतरी शोधत होते.

“आनि ह्येच्यावर नाव कुनाचं रंगवनार?”

कुणाचंच नाही, असं मी म्हटलं.

“नाव नसलं तरी ठावं असतंय की,” ते म्हणाले. “म्या हितं वर्गणीदार म्हनून येत हुतो, बाई.”

लॅपटॉप त्यांनी माझ्याकडे सरकवला, अगदी हळू, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी. कठड्याला धरून जिना उतरले. त्यानंतर ते आले नाहीत. मी एकदा घरी गेले, सुनेनं चहा दिला, चाचा चांगले बोलले, वाचनालयाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. निघताना मला विचारायचं होतं, जहाज एडनला पोचलं ते ऐकायचंय का. विचारलं नाही.

त्या मंडळाच्या संकेतस्थळावर चाचांचा हेडफोन लावलेला फोटो अजून आहे. कोल्हापुरातला मुक्त वाचक, असं खाली लिहिलंय. काढा म्हणून मी दोनदा कळवलं, उत्तर नाही.

परवा फॉर्म भरायला आलेल्या एका मुलीनं हाक मारली. म्याडम, ह्या बटणांवर कायतरी घाण चिकटली हाय, नखानं काढू का? मी म्हटलं, राहू दे. तिनं विचारलं, ही पण कुणाच्या स्मरणार्थ हाय काय?

नाही, म्हटलं. तो माणूस जिवंत आहे अजून.